लेबलवरची दोन अक्षरं

प्रिय चिमे,

पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. बाबांचा गुडघा दुखतोच. त्यांची कुरकुर मात्र कालपासून बंद आहे, त्याचं पुढे सांगतो. फोनवर हे बोलायला तोंड उघडतो आणि हवापाण्यावर घसरतो, म्हणून लिहितोय.

परवा स्वयंपाकघर आवरताना आईची मिठाची बरणी सापडली. चिकटपट्टीवर तिचं अक्षर: ‘हे मीठ आहे, साखर नव्हे.’ तुझ्या चहात मी मीठ घातलं होतं ना, तेव्हाची. माझी नेटवर्कची कामं बघायला आली की पेट्यांवरची दोन-दोन अक्षरांची लेबलं वाचून हसायची. म्हणायची, अक्षरांची एवढी कंजुषी करून कुठे बंगला बांधणार आहेस? मी म्हणायचो, आई, धंद्यातल्या माणसांना कळतं. मोठा शहाणा मी.

आता आईची ती शेवटची दुपार. रुग्णालयाच्या तळघरातली तिची खोली, मोबाइलला रेंज नाही, म्हणून तिथल्या वायफायवर चार वाजता तुझा व्हिडिओ कॉल ठरलेला. ते सगळं नेटवर्क माझ्याच हातचं. पावणेचारला खोलीतल्या फोनवर तिथल्या नव्या तंत्रज्ञाने विचारलं, वरच्या मजल्यावरचे कॉम्प्युटर अडकलेत, काय करू? आईचा हात माझ्या हातात होता, उठवेना. मी म्हटलं, ए.एस. बंद करून चालू कर. माझ्या लेखी ए.एस. म्हणजे अ‍ॅक्सेस स्विच, त्या एका मजल्याची पेटी. तो आधी जिथे कामाला होता तिथे ए.एस. म्हणजे अ‍ॅग्रिगेशन स्विच, सगळे मजले जोडणारी मोठी पेटी. आणि कपाटात दोन्ही पेट्यांवर मी तीच दोन अक्षरं लिहून ठेवलेली, पुढे नुसता आकडा वेगळा. त्याने मोठी बंद केली, आणि ती लवकर सुरूच होईना. त्याला काय बोल लावणार?

आईने नर्सकडून कंगवा मागून घेतला होता. केस नीट करून पडद्याकडे बघत राहिली. तुझा फोन लागेना तेव्हा म्हणाली, पोरगी कामात असेल, तिला रागावू नकोस. चार वीसला तिने डोळे मिटले. चार पस्तीसला नेटवर्क आलं आणि लगेच तुझा कॉल वाजला. तो मला उचलवला नाही.

त्या रात्री तू रडत सांगितलंस की मीटिंग लांबली, फोन करायला दहा मिनिटं उशीर झाला. आणि मी, तुझा सख्खा भाऊ, म्हणालो, चारला केला असतास तर लागला असता. चिमे, ते खोटं होतं. चारला दहा कमी असतानाच सगळं बंद पडलं होतं. तू चारच्या ठोक्याला केला असतास तरी लागला नसता.

सहा वर्षं तू घरी आली नाहीस. गेल्या रविवारी म्हणालीस, त्या दहा मिनिटांनंतर बाबांना काय तोंड दाखवू? तेव्हाही मी खरं सांगितलं नाही, पण तुझं ते वाक्य पिच्छा सोडेना. म्हणून काल बाबांना सगळं सांगितलं. ते माझ्याशी बोलत नाहीत. पण आज सकाळी दुखऱ्या गुडघ्याने त्यांनी तुझी खोली झाडून घेतली. मला माफ करू नकोस हवं तर, पण घरी ये.

तुझाच, दादा म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
दादा