विहीणबाईंच्या शेजारी, डेट्रॉइटपर्यंत

४ नोव्हेंबर १९९७
तिकीट आलं! पण एक नाही — दोन. योगीराजने माझ्या शेजारची खुर्ची भाग्यलक्ष्मीबाईंना दिलीय! सूनबाईची आई, माझी विहीण. फोनवर म्हणतो, "आई, पवित्राच्या बाळंतपणाला तुम्ही दोघीही हव्यात." तीन वर्षांत आमचं धड बोलणं नाही. आणि बंगलोर-मुंबई-फ्रँकफर्ट-डेट्रॉइट म्हणजे तीस तास!

५ नोव्हेंबर
शेजारच्या वासुदेवरावांनी नातीच्या पृथ्वीगोलावर दोरा लावून मोजलं. "सरळ रेषेत साडेतेरा हजार किलोमीटर, अक्का!"
म्हटलं, "आणि विहीणबाईंबरोबर?"
"मग दुप्पट धरा."
हसतात काय मेले!

८ नोव्हेंबर
राग उगाच नाही. लग्नात, मांडवात, ही बाई माझ्यादेखत बहिणीला कानडीत म्हणाली — "हिच्या हातचं खाऊन माझी पोर वाळणार." मला कळत नाही असं समजून! इतकी वर्षं बंगलोरच्या इंदिरानगरात भाजी काय खुणेने घेते मी? पण मीही जिद्दीची. तिच्यापुढे कानडीचा एक शब्द काढला नाही. मोडक्या हिंदीवर भागवलं. बोलू दे, ऐकते!

११ नोव्हेंबर
विमानतळावर आलो. तिच्या पिशवीत अंटिन उंडे, माझ्या पिशवीत डिंकाचे लाडू. एकच की! दोघींनी तोंडं फिरवली.

१२ नोव्हेंबर, फ्रँकफर्ट
पाय सुजलेत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.
मुंबई सुटल्यावर विमान असं हादरायला लागलं — पाण्याचा पेला माझ्या मांडीवर! शेजारी भाग्यलक्ष्मीबाई डोळे मिटून रडतायत. माझ्या तोंडून निघून गेलं, "हेदरबेडी, नानिद्दीनि." घाबरू नका, मी आहे.
त्यांनी खाडकन डोळे उघडले. "तुम्हाला कन्नड येतं?"
"येतं."
"लग्नात पण येत होतं?"
"तेव्हाही."
चेहरा पडला बिचारीचा. विमान हलतंय याचंही भान नाही! पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "एकुलती एक लेक. कुणाच्याही हातात द्यायला जीव धजत नव्हता. काहीबाही बोलून गेले."
मी डबा उघडला. "घ्या. वाळता का बघू."
लाडू खाल्ला. मग दुसरा मागितला! इतक्या हसलो की हवाईसुंदरी पाणी घेऊन धावत आली.
आता शेजारच्या बाकावर झोपल्यात — माझी शाल पांघरून. पुढे अजून नऊ तास. चालतील!

डेट्रॉइट. अजून बारा तारीखच! दिवस संपतच नाही.
दार पवित्राने उघडलं. केवढं ते पोट! योगीराज मान खाली घालून म्हणाला, "जुळी आहेत. आधी सांगितलं असतं, तर दोघींनी काळजीने अंथरूण धरलं असतं."
भाग्यक्का आणि मी, दोघी एकदमच सोफ्यावर बसलो.