महालक्ष्म्यांचं पीठ आणि कंपनीचा डबा

चेरीताल, जबलपूर

चि. सौ. वसुधा हिस,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. तेल लावते म्हणून नुसतं फोनवर सांगू नकोस, खरोखर लाव. आम्ही दोघं ठीक आहोत. माझ्या मनगटाचं प्लास्टर निघालं, पण लाटणं धरवत नाही. पेन धरवतं. (डॉक्टर म्हणाले, लिहूही नका. त्यांना कोण विचारतं?)

या मनगटामुळेच पुढचं सगळं घडलं. यंदा महालक्ष्म्यांचा नैवेद्य कसा होणार, या काळजीने मी पोळ्या करणारं यंत्र विकत घेतलं. वसुधा, काय वस्तू आहे! पिठाचा डबा खाचेत बसवायचा, पाणी भरायचं, आणि खालून फुगलेली पोळी बाहेर येते. इतकी गोल, की आईने पाहिली असती तर आपल्या दोघींना त्या यंत्राच्या हाताखाली शिकायला बसवलं असतं. पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून नुसती बघत होते. यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि शहाणपणाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

यंत्रासोबत कंपनीच्या पिठाचे डबे आले होते, ते सणाच्या तोंडावर संपले. तसंही ते पीठ नैवेद्याला चाललंच नसतं. आमच्याकडे मझौलीचा गहू घरी धुऊन, वाळवून दळलेला लागतो, हे तुला माहीत आहे. तो दळून आणला आणि ते पीठ आमच्या स्टीलच्या डब्यातून यंत्राच्या खाचेत ओतलं. लाल दिवा लागला, आणि एका अत्यंत सभ्य बाईच्या आवाजात यंत्राने हिंदीतून सांगितलं, की कृपया कंपनीचाच आटा वापरावा. म्हणजे महालक्ष्म्यांना बाहेरचं पीठ चालत नाही आणि यंत्राला घरचं! एका स्वयंपाकघरात दोन सोवळी, आणि दुसरं पहिल्यापेक्षा कडक. सवाष्णींना आमंत्रणं गेलेली.

दुकानदार विक्कीला गाठलं. तो म्हणाला, "आंटीजी, मशीन आपकी है, दिमाग कंपनी का है." मी म्हटलं, मग दिमाग काढून दे, माझ्याकडे माझं आहे. तो हसला. मी हसले नाही. पण जाता जाता त्याने एवढं सांगितलं, की कंपनीच्या डब्याच्या झाकणावर एक खूण असते, यंत्र ती वाचतं. (पीठ वाचत नाही, झाकण वाचतं! माणसांसारखंच झालं हे.) घरी येऊन मी कंपनीचा रिकामा डबा धुतला, त्यात आमचं पीठ भरलं, बसवला. दिवा हिरवा!

इथे थांबायला हवं होतं. पण आपल्या घराण्यात चूक दिसली की ज्याची त्याला कळवायची पद्धत आहे, म्हणून मी कंपनीला फोन करून त्यांच्या यंत्रातला हा दोष सांगितला. प्रणाली नावाच्या मुलीने फोन घेतला. "मॅम, वो डिब्बा पेटेंटेड है. दोबारा भरना मना है. मशीन यहाँ से बंद हो सकती है." पेटंट म्हटल्यावर मी चपापले. हे आतून म्हणाले, "नैवेद्य उद्यावर येऊन राहिला, आणि तू फोन काहून केला?"

मग यांच्या पुतण्याला, वकील यशोधनला, बोलावलं. त्याने सांगितलेलं ऐकून मी थक्क झाले. कंपनीने डबा एकदा विकला, की त्या डब्यापुरता तिचा पेटंटचा हक्क सरतो. आपण तो वापरावा, पुन्हा भरावा, मोडला तर दुरुस्त करावा. तसलाच नवा घडवून विकायचा नाही, एवढंच. आणि कंपनीचंच पीठ घ्यावं लागेल ही अट विकताना लपवली असेल, तर ग्राहक आयोग आहे. वसुधा, मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, पण माझ्या ओट्यावरच्या डब्यापर्यंत कायदा येऊन उभा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

लगेच प्रणालीला फोन लावला. म्हटलं, "बेटा, बेटी ब्याह दी, अब उसकी थाली में क्या परोसना है, ये मायका नहीं बताएगा." तशी ती हळूच मराठीत म्हणाली, "काकू, आमच्याकडेही महालक्ष्म्या असतात. डबा चांगला कोरडा करून भरा, नाहीतर दिवा लाल होते."

नैवेद्य वेळेवर झाला. शेवटची पोळी बाहेर आली, आणि मझौलीच्या पिठाबद्दल यंत्र म्हणालं, "हमारा आटा चुनने के लिए धन्यवाद." यांनी यंत्राला हात जोडले. माझेही जोडले गेले.

एवढंच लक्षात ठेव, वस्तू एकदा दिली की दिली. देणाऱ्याने हात काढून घ्यावा.

तुझी,
ताई

ता. क. : तुझी सून दीप्ती मी लग्नात दिलेल्या कोशाच्या रेशमी साडीचा ड्रेस शिवून घेते आहे, असं तुझ्या लेकीकडून, अवंतिकाकडून कळलं. पत्र मिळताच शिंप्याकडे जा आणि साडी परत आण. ती नेसायला दिली होती, कापायला नाही.

पुन्हा ता. क. : यशोधन म्हणतो, "काकू, साडी आता दीप्तीची." हुशार मुलगा आहे, पण कपड्यातलं त्याला काय कळतं? तू आधी शिंप्याकडे जा.