डाव्या डोळ्याची रेघ

मंगळवार, पेण. संध्याकाळचे सात.

दुपारपासून हमरापूरच्या कारखान्यातल्या गणपतींचे फोटो घेऊन बसलोय. कॅमेऱ्यातल्या मूळ, जड रॉ फाइली गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर उघडत नाहीत, म्हणून एकेकीची जेपीजी करायची. पाठ पार मोडलीय.

रॉ फाइल मोठी करून बघितली तेव्हा दिसलं. मोठ्या मूर्तीच्या डाव्या डोळ्याची रेघ थरथरलीय. डोळे आखायचं काम रखमाकाकींचं. इतकी वर्षं तिथं दुसऱ्या कुणी डोळ्यांना ब्रश लावला नाही. लहान जेपीजी केली, तर थरथर दिसेना. सुटलो, असं वाटलं. पण कोण सुटलं? मी की काकी?

तेवढ्यात काकीच स्टुडिओत आल्या. "माझे डोळे कसे आलेत रे?"

मी लहान फोटो पुढे केला. "झकास!"

त्या डाव्या डोळ्याकडेच बघत राहिल्या. मी मोठा करायला गेलो नाही.

"मालकाला हाच पाठव," त्या म्हणाल्या. "आखतानाच कळलं मला. पुढल्या सालापासून सून आखंल."

लॅपटॉप भरलाय म्हणून आता सगळ्या रॉ फाइली पुसल्या. ती एक पुसवेना.