आशा यायच्या आत गवत कापणे

८ सप्टेंबर, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. काम पद्धतशीर व्हावं म्हणून. काम एकच: मागच्या अंगणातलं गवत कापणे. मुदत: दसरा.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. गवत कमरेएवढं झालं आहे. ऑगस्टमध्ये त्यात बिबट्या बसला होता. आशा वाळलेले कपडे काढायला गेली, तर पाच हातांवर तो. ती ओरडली. मी घरातच होतो, लगेच 'आलो' म्हटलं. पण हातात गवत कापायच्या मशीनचा स्क्रू होता, तो नीट ठेवल्याशिवाय उठता येत नाही. मी पोचलो तेव्हा बिबट्या भिंतीवरून गेलेला होता आणि आशा पायरीवर बसली होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती कुरखेड्याला गेली, आमच्या मुलीकडे, दिव्यानीकडे. दिव्यानी तिथे शाळेत शिकवते. गल्लीतली पोरं मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेत 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडत होती आणि त्याच वेळी ही बॅग घेऊन ऑटोत बसली. लोकांचा काय समज झाला असेल कोण जाणे.

भीतीनं गेली. साहजिक आहे. गवत गेलं की भीती जाईल, भीती गेली की आशा येईल. सरळ हिशेब आहे.

८ सप्टेंबर, रात्री

शेजारचा वारलू आला होता. म्हणे, भाऊ, मी विळ्यानं दोन घंट्यात कापून टाकतो, मले गाईले गवत होते. नको म्हटलं. घरात पेट्रोलवरचं लॉन मोअर असताना विळा? बंद पडलेल्या एका क्लबच्या लिलावात मी ते घेतलं, त्याला वर्ष झालं. जूनपासून आशा गवत काढा म्हणत होती हे खरं, पण मी मशीनचं आधी पूर्ण निरीक्षण करत होतो. फॅक्टरीत एकतीस वर्षं काढली आहेत. स्टोअरमध्ये काढली, पण कोणता पार्ट कोणत्या रॅकवर, हे माझ्याइतकं इंजिनिअरलाही माहीत नसायचं.

१० सप्टेंबर

स्टार्टरची दोरी ओढली. बेचाळीस वेळा. इंजिन दोनदा खोकलं. निदान: प्लग.

प्लग काढला. काजळी. न्हाणीघरात एक ब्रश होता, दिसायला जुना, त्यानं घासला. नंतर लक्षात आलं, ब्रश आशाचा. पण यातून एक चांगली गोष्ट निघाली. ब्रश ठेवून गेली, म्हणजे परत येणार हे उघड आहे.

उजवा खांदा दुखतो.

१४ सप्टेंबर

प्लग निर्दोष. निदान क्रमांक दोन: जुनं पेट्रोल. कार्ब्युरेटर खोलला. जेवायच्या टेबलावर पेपर पसरून सगळे भाग क्रमानं मांडले. आत गोंदासारखा चिकटा बसला होता. आता मी जमिनीवर बसून जेवतो. ते पचनाला चांगलं.

एक बारीक स्प्रिंग उडाली. सापडली नाही. तशीच दुसरी पेनातून काढून बसवली.

संध्याकाळी आशाला फोन. कार्ब्युरेटरचं काम समजावून सांगितलं, बारा मिनिटं. मध्ये ती म्हणाली, जेवले काय. मी म्हटलं, आधी चिकट्याचं ऐक. ती म्हणाली, ठेवते मी. कुरखेड्याला रेंज फार खराब.

१९ सप्टेंबर

मोठा शोध. इंजिनातलं ऑइल डांबरासारखं काळं होतं. सगळं काढून टाकलं. नवीन कुठे टाकायचं, यावर विचार केला. वरोऱ्याला माझ्या मेहुण्याचा कापूस आहे. त्याच्या पाठीवरच्या फवारणी पंपात तो पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळतो. इंजिन लहान, तत्त्व एकच. तसंच मिसळलं, वर थोडं जास्तच टाकलं. मशीनसोबत एक पुस्तिका आली होती. ती कपाटात आहे. ज्याला समजत नाही त्यानं वाचावी.

२० सप्टेंबर, सकाळी ९.४०

सुरू झालं. सव्विसाव्या ओढीला. निळा धूर, पण काय आवाज. डोळ्यांत पाणी आलं, धुरानं आणि तसंही.

लगेच आशाला फोन लावला आणि फोन इंजिनाजवळ धरला. ती म्हणाली, कायचा आवाज येऊन राह्यला. मी म्हटलं, ऐक फक्त. तिनं ऐकलं. चार मिनिटांनी आवाज बदलला, मग कर्र झालं आणि इंजिन थांबलं. तेही तिनं ऐकलं. थोड्या वेळानं म्हणाली, बंद झालं काय. मी म्हटलं, विश्रांती देतो आहे.

दोरी आता ओढली जात नाही. जरासुद्धा नाही.

२३ सप्टेंबर

वारलूच्या बैलबंडीत घालून मशीन अयूबभाईकडे नेलं. बसस्टँडमागे त्यांचं मोटर आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी झाकण उघडलं, बोट घातलं, बोट कोरडं निघालं. म्हणे, भाऊ, ऑइल कुठी आहे. मी म्हटलं, पेट्रोलमध्ये. त्यांनी झाकण खाली ठेवलं. म्हणे, हे फवारणीचं पंप नोहे भाऊ, हे फोर-स्ट्रोक आहे. याचं ऑइल खाली अलग राह्यते. कनेक्टिंग रॉड चिपकून गेला पुरा.

मी म्हटलं, एकदम कसा चिपकेल? ते म्हणाले, एकदम नाई होत. इंजिन पयले सांगते. आवाज बदलते, गरम होते, वास मारते. आयकाव लागते.

माझे कान उत्तम आहेत. गेल्याच वर्षी तपासले.

२४ सप्टेंबर

स्वयंपाकघरात डाळ करपली. वास आला होता, पण मी पुस्तिका शोधत होतो.

३० सप्टेंबर

रॉड आणि रिंगा आणायला पहाटेच्या बसनं नागपूरला. तीन दुकानं पालथी घातली, चौथ्यात मिळाल्या. रस्ताभर पिशवी मांडीवर ठेवली.

घरी आलो तर अंगण मोकळं. एक काडी उभी नाही. वारलू गवताचे भारे बांधत होता. माझा पारा चढला. कोणाच्या परवानगीनं, विचारलं. तो गडबडला. म्हणे, बाईचा फोन आला होता भाऊ. म्हणाल्या, तिकून शाळेचे लेकरं जातेत, आजच्या आज काप.

आशानं वारलूला फोन केला. कुरखेड्याहून. मला नाही.

माझा फोन प्रवासात लागला नसेल. तसंच असेल. तपासलं, एकही मिस्ड कॉल नाही.

३० सप्टेंबर, रात्री

शांतपणे विचार केला. झालं ते चांगलंच झालं. मुद्दा गवत जाण्याचा होता, गवत गेलं. आशाला कळवलं, अंगण साफ आहे, आता ये. ती म्हणाली, बरं झालं. कधी येते विचारलं. म्हणाली, पाहू. आशाचं 'पाहू' म्हणजे 'हो'. छत्तीस वर्षांचा अनुभव आहे.

५ ऑक्टोबर

अयूबभाईंनी इंजिन जुळवून दिलं. पहिल्या ओढीला सुरू. कापायला काही नाही म्हणून वारलूच्या विळ्यातून राहिलेल्या खुंटांवरून दोनदा फिरवलं.

दुपारी जावयाचा, अजयचा फोन. कुरखेड्याला त्यांच्या घरामागच्या धानाच्या बांधीत वाघ दिसला, शाळा लवकर सोडली. मी ताबडतोब आशाला फोन लावला. म्हटलं, आजच निघ, इथे आता काही धोका नाही. ती म्हणाली, इथी तर रोजचंच आहे. मले भेव नाई लागत. म्हटलं, मग बिबट्याला एवढी कशी घाबरली? ती म्हणाली, तो तर मलेच पाहून पळाला. मी तुमाले आवाज देऊन राह्यली होती.

फोन ठेवला.

५ ऑक्टोबर, रात्री ११

झोप नाही. बिबट्याला भिऊन गेली, हे मला कोणी सांगितलं होतं? आठवून पाहिलं. कोणीच नाही.

पण असंही असेल, वाघाची सवय होत असेल, बिबट्याची होत नसेल. बिबट्या लपून बसतो.

१२ ऑक्टोबर, दसरा

आशा आली. सकाळी साडेदहाला अजयची गाडी दारात. दिव्यानीही होती. मी आधीच मशीन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून अंगणात पूजेला ठेवलं होतं. आशा बारीक झाली आहे. सोनं दिलं, सोनं घेतलं. मी म्हटलं, अंगण पाहा. तिनं पाहिलं. म्हणाली, छान आहे.

मग ती आत गेली आणि कपाट उघडलं. मला वाटलं, सामान लावते आहे. दिव्यानी आणि अजय बाहेर नेत होते ते नंतर दिसलं. साड्या, शिलाई मशीन, देवातली अन्नपूर्णा. थंडी येते आहे, तिकडे दोन महिने राहायचं असेल. गाडीची मागची एक सीट अख्खी रिकामी ठेवली आणि शिलाई मशीन टपावर बांधलं. अजयला सामान भरता येत नाही.

ती निघायच्या आत मशीन दाखवणं भाग होतं. हार काढला, दोरी ओढली, पहिल्या ओढीला सुरू. आशा मागच्या दारात आली. काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही. मी हातानं सांगितलं, थांब. ती पायरी उतरून जवळ आली आणि परत म्हणाली. बंद कसं करणार? इतक्या कष्टानं सुरू झालं होतं, बंद केल्यावर झालं नसतं तर तिच्यासमोर फजिती. मी दोन्ही हातांनी दांडा धरला होता. मान हलवून सांगितलं, नंतर, नंतर. ती तिसऱ्यांदा म्हणाली. मी अंगणाचा एक फेरा मारून दाखवला. शेवटच्या टोकाला वळलो तेव्हा दारात कोणी नव्हतं.

इंजिन उत्तम चाललं. तारीफच करत असावी.

१३ ऑक्टोबर, सकाळी

दिव्यानीला फोन केला. आई काल अंगणात काय म्हणत होती, विचारलं. ती म्हणाली, बाबा, तुमाले खरंच नाई आयकू आलं? म्हटलं, इंजिन सुरू होतं. ती म्हणाली, आई म्हणत होती, ते बंद करा आन् तुमी बी चला आमच्या संगं. सीट तुमच्यासाठीच ठेवली होती. तीन वेळा विचारलं तिनं. तुमी मान हलवली.

मी खुर्चीवर बसलो. टेबलावर अजून पेपर पसरलेला आहे.

ती घाबरून गेली नव्हती. मी आलो नाही म्हणून गेली. 'आलो' म्हटलं आणि आलो नाही. छत्तीस वर्षांत हे किती वेळा झालं असेल, ते मला सांगता येणार नाही. तिला येईल. हे लिहिताना फार वाईट वाटतं आहे आणि ते कमी करायला कोणतंही कारण सापडत नाही.

१३ ऑक्टोबर, दुपारी

बॅग भरली. दोन शर्ट, गोळ्या, चष्मा. चंद्रपूरची बस दोनला आहे, पुढे गडचिरोलीवरून कुरखेडा. निघायच्या आधी आशाला फोन लावला.

ती हॅलो म्हणाली. मी म्हटलं, काल ऐकू आलं नाही. म्हटलं, आज निघतो, येऊ का? पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मी मध्ये बोललो नाही.

नका येऊ, म्हणाली. नीट ऐकू आलं.