विमान एकच होतं

अण्णा,

परवा आपल्या शेतावर गारा पडल्या. त्या पडणार हे मला अर्धा तास आधी कळलं होतं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, त्यामुळं माझं रडारवरचं काम तुम्ही पाहिलं नाहीत. गारांचा ढग पडद्यावर लाल-जांभळा दिसतो. मग आमचं विमान त्याच्या पोटाशी जाऊन क्षाराचा धूर सोडतं. गार मोठी होण्याआधीच ढग पाऊस होऊन रिता व्हावा, एवढीच आशा. दर वेळी साधतंच असं नाही.

लहानपणी मी फ्रॉकच्या ओच्यात गारा वेचून तुम्हाला दाखवायला आणल्या होत्या. तुम्ही ओरडलात, "टाक ते! गहू झोपला आपला, अन् तू खेळतीस?" मग मलाच बरोबर नेऊन चिखलातून लोंब्या कशा सोडवायच्या ते दाखवलंत.

परवा तीनच्या सुमाराला दोन ढग उठतात. एक हर्सूलच्या पलीकडं, आपल्या शिवारावर. दुसरा पूर्वेला, त्याहून मोठा, आणि त्याच्याखाली तीन गावांच्या द्राक्षबागा. विमान एकच, ते आधीच हवेत. वैमानिक विचारतो, "मॅडम, कुणीकडं वळू? लवकर सांगा." तेवढ्यात दादाचा फोन.

"आभाळ लई काळं झालंय गं. विमान येतंय ना?"

"गुरं आत बांध. आईला बाहेर पडू देऊ नको."

"ते केलं. विमानाचं सांग."

मी फोन ठेवला. विमान पूर्वेला गेलं. तिथं दोन गावांत नुसता पाऊस झाला, बागा वाचल्या. विमानामुळंच वाचल्या, असं छातीठोक सांगता येत नाही. आपला काढणीला आलेला गहू मात्र पार आडवा झाला.

संध्याकाळी घरी गेले. दादा बांधावरच उभा. "जमलं नाय, का धाडलं नाय?"

"धाडलं नाय."

त्यानं वाकून आडव्या गव्हातली एक लोंबी सोडवली. मग म्हणाला, "तिकडं लई मोठा होता व्हय?" मी मान हलवली. आईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही.

सगळे म्हणतात, पोरीनं घरचं बघितलं नाही. अण्णा, वैमानिकानं विचारलं तेव्हा मी आधी आपलंच गाव सांगितलं होतं. विमान वळलंही होतं, मग मी ते माघारी फिरवलं. ते पोचेस्तोवर पूर्वेच्या तिसऱ्या गावावर गारा पडून गेल्या होत्या. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.