चतुराचा खोकला आणि हबीबभाईंची भिंत

तीर्थरूप काकासाहेब यांना जावई पुंजारामाचा दंडवत. गुडघा आता कसा आहे? सासूबाईंनाही नमस्कार. आपली चतुरा बरी आहे. (हे आधीच लिहितो, नाहीतर पुढचं वाचता वाचता आपण गंगापूरहून एस.टी. गाठाल.)

झालं असं, की दिवाळीनंतर तिला खोकल्यानं धरलं. वारं म्हणजे दुखण्याचं माहेर, हे आपणही मानता, म्हणून मी तिच्या खोलीची फट न् फट चिंध्यांनी बुजवली. खोकला वाढला. मग दवाखाना. (पोलीस ॲक्शननंतर तिथली पाटी उर्दूची मराठी झाली, पण डॉक्टरांचं बोलणं मला दोन्हींत कळत नाही.) ते म्हणाले, वाईट आजार अजून नाही, पण होऊ शकतो, घर दाखवा. घरी येऊन त्यांनी मागच्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, “दुखणं इथं आहे.” आता औषध भिंतीला द्यायचं का बायकोला, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांचं म्हणणं, या भिंतीत खिडकी पाडा.

त्या भिंतीपलीकडं हबीबभाई सुतारांचं अंगण. घर पडद्याचं. मी लई भीत भीत गेलो. हबीबभाई खाली बघत म्हणाले, “हवा तुमच्याकडं जाईल, पण नजर आमच्याकडं येईल.” मी व्हय म्हणालो आणि परत निघालो. तेवढ्यात आतून हसीनाभाभींचा आवाज आला, “उसकी खाँसी सुनके मेरेकू नींद नहीं आती. दीवार फोडो. मरदाँ उस कमरे में नक्को जाओ, बस.”

हबीबभाईंनी स्वतः पहार घातली, सागवानी चौकट बसवली. तेव्हापासून माझ्याच घरात मला खाकरून वर्दी द्यावी लागते. (त्यामुळं डॉक्टर आता मलाही तपासू म्हणतात.) मग हिवतापवाले फवारायला आले. म्हणाले, डासांना एवढं दार कुणी उघडून दिलं, जाळी लावा. जाळी लावली, तर डॉक्टर म्हणाले, हवा अडते. आता चतुरा दिवसा डॉक्टरांचं ऐकते आणि दिवेलागणीला हिवतापवाल्यांचं.

खोकला मात्र खरोखर गेला. हवेनं गेला, का दिवसभर हसीनाभाभींशी बोलून गेला, मला सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात हवेनं. म्हणून गावाबाहेर माळावर नवे प्लॉट पडलेत, तिथंच राहायला जा, असा त्यांचा सल्ला. मला पटलं. चतुरा म्हणते, “मी नाय येणार. तुम्ही जा हवा खायला.” आपण येऊन तिला समजवावं, एवढ्यासाठी हे पत्र.

आपला,
पुंजाराम

ता.क. समजवायला येऊ नये. डॉक्टरांनी हबीबभाईंनाही हेच सांगितलं, ते शेजारचा प्लॉट घेताहेत, आणि चतुरा बासनं बांधायला लागली आहे.

पुन्हा ता.क. बांधलेली बासनं सुटली. तिकडचा नियम असा, की तब्येतीसाठी दोन घरांच्या मधे जागा मोकळी सोडायची. इथं हवेसाठी जवळ आलो, तिथं हवेसाठी लांब राहायचं. दोघी रुसून बसल्यात. नगरपालिकेत आपली ओळख आहे. तेवढं विचारून कळवावं, की मोकळी जागा म्हणजे रिकामीच ठेवायची, का तिथं दोन बायकांनी बाज टाकून बसलं तर चालतं.