सोमीबाईंचा दगड

मंगळवार, मुक्काम मूल

जंगलातून उठवलेल्या गावाची वनखातं परवा जाहीर माफी मागणार, हे वनाधिकारी साहेबांनी आज स्वतः फोनवर पक्कं केलं. पेपरला बातमी वेळेत दिली. तरी चिडचिड जात नाही.

दुपारी त्याच गावच्या सोमीबाईंकडे गेलो होतो. त्यांचा नवरा मागच्या उन्हाळ्यात गेला. त्यांच्यात माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड वाडवडिलांच्या दगडांशेजारी उभा करतात. पण ती रांग जुन्या गावात राहिली, आणि तिथे आता जायला बंदी. दगड अंगणात आडवा पडलाय. कोंबड्या बसतात त्यावर.

"इथीच उभा करा ना, बाई," मी म्हणालो. का म्हणालो असं?

"एकटा काय करन तो इथी? जिवंत होता तवाबी त्याले एकटं करमत नव्हतं."

साहेबांना म्हटलं, माफी मागताय तर एक दिवस जंगलाचं फाटक उघडा. "भाऊ, भावना समजतात. पण नियम आहे." शाल, नारळ, मंडप सगळं ठरलंय. ज्यांचं गेलं त्यांना काय हवंय, तेवढं विचारायचं राहिलं. माझ्या बातमीतूनही दगडाचा परिच्छेद जागेअभावी उडाला. कोंबड्या बसलेला तो दगड डोळ्यांपुढून हलत नाही.

परवा सोमीबाई मंडपात नसतील. दिराच्या बैलगाडीत दगड घालून त्या फाटकाकडे निघणार आहेत. "माफी मांगून राह्यले ना? मंग अडवतीन काऊन?"

अडवतील. फाटकावर पहारा ठेवायचं कालच ठरलंय. मंडपातला कार्यक्रम दुसरं कोणीतरी लिहील. मी गाडीबरोबर जाणार आहे.